हात सुजला, मग लिम्फॅटिक ड्रेनेज घेतलं – माझा अनुभव

ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांनंतर सुजलेल्या हातावर लिम्फॅटिक ड्रेनेजने, म्हणजे हलक्या हाताने मसाज करून साठलेलं पाणी पुढे सरकवण्याने, खरंच फरक पडतो का असं मला आता बऱ्याच जणी विचारतात, आणि मी सांगते की हो पडतो, पण तुम्हाला जो मसाज वाटतोय ना तो त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, खरी परीक्षा त्यानंतरच्या बँडेजची. हे आधीच सांगून टाकते कारण मसाज म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर मंद लाईट आणि सुगंधी तेल येतं आणि मग बँडेज बघून तोंड पडतं.

माझा आजार डाव्या बाजूचा. आधी कीमो, मग ऑपरेशन, त्यात काखेतले नोड्स (लिम्फच्या गाठी) पण काढले, म्हणजे एखाद-दुसरा सेंटिनल नोड, वाटेत सगळ्यात आधी लागणारा, काढून तपासतात तसं नाही, पूर्ण क्लिअरन्स, आणि मग रेडिएशन. रेडिएशन संपत आलं तेव्हा डाव्या हाताच्या बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. त्याच्या आधीपासून हात जड जड वाटायचा, घड्याळाच्या पट्ट्याची खूण संध्याकाळपर्यंत तशीच राहायची आणि सकाळी उठलं की सगळं नॉर्मल, त्यामुळे लक्ष तरी किती देणार, त्या दिवसांत अंगात दुखत नव्हतं असं एकही ठिकाण नव्हतं. पण अंगठी अडकली तेव्हा नवऱ्याने माझा हात हातात घेऊन मनगटाच्या जरा वर अंगठ्याने दाबून बघितलं तर तिथे खड्डा पडला आणि तो भरून यायला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं.

त्यांनी लगेच "थेरपिस्टकडे जा" असं म्हटलं नाही आणि ते बरंच केलं असं मला आता वाटतं. आधी हाताची डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करायला लावली, कारण शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी हात असाच सुजतो, आणि गुठळी असेल तर त्यावर हात फिरवणं धोक्याचं. काख, मान, छातीची बाजू नीट तपासली, आजार परत आलाय आणि त्यामुळे सूज आली असं तर नाही ना ते बघितलं. हृदय किडनीचं विचारलं. ताप, लालसरपणा नाही ना ते विचारलं. हे सगळं क्लिअर झाल्यावर मग लिम्फेडेमाच्या, म्हणजे लिम्फ साठून येणाऱ्या सुजेच्या, फिजिओकडे पाठवलं. मुद्दाम लिहितेय, कारण काही जणी परस्पर कुठल्यातरी मसाजवाल्याकडे जातात आणि तो आपला जोर लावून दाबत बसतो. कृपा करून असं करू नका.

फिजिओ मॅडम माझ्याहून वयाने लहान, मला ताई म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी हाताला हात लावायच्या आधी मापं घेतली. मनगटापासून सुरू करून दर चार सेंटिमीटरवर पेनाने बारीक खूण आणि तिथे टेप, आधी चांगल्या हाताची, मग सुजलेल्या हाताची, सगळं वहीत. दोन हातांत दोन सेंटिमीटरचा किंवा जास्त फरक आला की साधारणपणे त्याला लिम्फेडेमा म्हणतात, माझ्या कोपराच्या खाली तो फरक तीनच्या वर होता. मग त्यांनी बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरून उचलून बघितली. उचलता आली. मॅडम म्हणाल्या चांगलं लक्षण आहे, अजून आतली चरबी आणि तंतू घट्ट झालेले नाहीत, पाणी जास्त आहे, म्हणजे उतरेल.

मी विचारलं हे पाणी आलं कुठून, मी तर पाणी कमीच पिते. हसल्या आणि म्हणाल्या, पाणी कमी करायचं नाही ताई, भरपूर प्या. रक्तवाहिन्यांतून दिवसभर थोडं पाणी आणि त्याबरोबर थोडं प्रोटीन बाहेर झिरपतंच, ते उचलायचं काम लिम्फच्या बारीक नळ्यांचं, त्या ते नोड्समधून गाळत गाळत वर नेतात आणि कॉलरबोनच्या मागे मोठ्या शिरेत परत रक्तात सोडतात. हाताचं आणि छातीच्या त्या बाजूचं बरंचसं ट्रॅफिक काखेतून जातं, आणि काखेतले नोड्स काढले, वर रेडिएशनने तिथली जागा आवळली, की मेन रोडच बंद. प्रोटीन हातातच अडकतं आणि ते अजून पाणी ओढून घेतं. म्हणूनच लघवीच्या गोळ्या खाऊन ही सूज जात नाही, गोळीने पाणी जाईल पण प्रोटीन तिथेच, परत भरतं. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी मला ह्याच गोळ्या सुचवल्या होत्या, मनापासून.

किती जणींना होतं हेही विचारलं मी, कारण वॉर्डात माझ्याबरोबर असलेल्या दोघींना काहीच झालं नव्हतं आणि मनात येतंच की मलाच का. 2013 साली वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितलं होतं त्यात काखेतले नोड्स पूर्ण काढलेल्यांमध्ये साधारण पाचातल्या एकीला आणि फक्त सेंटिनल नोड काढलेल्यांमध्ये शंभरात पाच-सहा जणींना हा त्रास दिसला होता. वजन जास्त असणं, काखेवर रेडिएशन, इन्फेक्शन ह्याने शक्यता वाढते. आणि हो, ऑपरेशननंतर लगेचच होतं असं नाही, बऱ्याच जणींना पहिल्या दोन-तीन वर्षांत होतं पण काहींना त्याच्याही पुढे होतं, त्यामुळे "माझं तर सगळं सुटलं" असं म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता प्रत्यक्ष ड्रेनेज. मी टेबलवर पाठीवर झोपले, डावा हात उशीवर. मला वाटलं हातापासून सुरुवात करतील. त्यांनी सुजलेल्या हाताला पाऊण वेळ हातच लावला नाही! आधी गळ्याच्या दोन्ही बाजूंना कॉलरबोनच्या वर जो खळगा असतो तिथे बोटं सपाट ठेवली आणि कातडी हलकी ताणून अर्धा गोल फिरवून सोडून दिली, मग थांबल्या, मग परत. इतकं हलकं की मला वाटलं अजून सुरूच झालं नाही. तेल नाही, क्रीम नाही, कारण हात घसरला तर कातडी ताणली जात नाही आणि इथे कातडी ताणली जाणं हेच काम आहे, लिम्फच्या सगळ्यात बारीक नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि त्यांना बारीक धागे जोडलेले असतात, कातडी ओढली की धागे ओढले जातात आणि नळीचं तोंड उघडतं. जोरात दाबलं तर तीच नळी चपटी होते. कातडी लाल झाली तर समजायचं जोर जास्त झाला.

मग पोटावर हात ठेवून खोल श्वास घ्यायला लावले, नाकाने आत, पोट वर, सावकाश बाहेर, कारण छातीतून जाणारी मोठी लिम्फची नळी श्वासाच्या दाबाने वर रिकामी होते. मग उजवी काख, म्हणजे चांगल्या बाजूची. मग डावी जांघ. मी विचारलं सुद्धा की हात सुजलाय आणि तुम्ही जांघेत काय करताय. तर आधी जिथे पाणी पाठवायचं ती ठिकाणं रिकामी करायची, मग छातीवरून आडवं उजव्या काखेकडे, बरगडीच्या बाजूने खाली डाव्या जांघेकडे, पाठीवरूनही तसंच, आणि हे रस्ते मोकळे झाल्यावर सगळ्यात शेवटी हात, तोही आधी दंड, मग कोपर, मग कोपराखालचा भाग, मग पंजा, आणि तिथून परत सगळं वर. रेडिएशनने काळी पडून सोलवटलेली कातडी त्यांनी पूर्ण टाळली, ती भरून येईपर्यंत त्या जागेला हातच लावला नाही, बाजूने वळवून नेलं. गाठ काढलेल्या जागेचा व्रण पण बरेच दिवस लांबूनच.

पहिल्याच वेळेला मला झोप लागली. उठल्यावर जोरात लघवीला लागली, हे बऱ्याच जणींना होतं म्हणे. हात हलका वाटत होता आणि मी खुश, म्हटलं झालं की.

तर मॅडमनी कपाट उघडून बँडेजचा ढीग काढला.

आधी हाताला मलम, कातडी कोरडी राहिली तर भेगा पडतात आणि भेगेतून इन्फेक्शन. मग सुती नळीसारखा कपडा पूर्ण हातावर. मग प्रत्येक बोटाला वेगळी जाळीदार पट्टी, नखं उघडी ठेवून, मागे पंजाच्या पाठीवरून आणून परत पुढच्या बोटाला, ह्यातच दहा मिनिटं जातात. मग फोम, कोपराच्या खोबणीत वेगळा तुकडा म्हणजे तिथे काचत नाही. मग शॉर्ट स्ट्रेच बँडेज, आधी अरुंद पंजापासून, मग वर रुंद, खाली दाब जास्त आणि वर जाताना कमी. हे मुरगळल्यावर लावतात ते ताणणारं क्रेप बँडेज नाही. हे फार कमी ताणलं जातं, म्हणून हात शांत असताना दाब कमी असतो आणि हात हलवला की आतला स्नायू फुगून ह्या कडक भिंतीवर दाबला जातो आणि पाणी वर ढकललं जातं. म्हणजे बँडेज बांधून हात उशीवर ठेवून बसायचं नाही, उलट मुठी मिटायच्या, कोपर वाकवायचं, खांदा फिरवायचा, घरातली कामं करायची. शेवटी नखं दाबून बघायची, पांढरी होऊन लगेच गुलाबी झाली पाहिजेत. मुंग्या आल्या, बोटं निळी पडली, दुखायला लागलं तर सोडायचं, सहन करत बसायचं नाही.

आणि हे रात्रीसुद्धा. दुसऱ्या दिवशी थेरपीला जायच्या आधी सोडायचं, हात धुवायचा, ड्रेनेज, परत बांधायचं. ह्याला इंटेन्सिव्ह फेज म्हणतात, साधारण दोन ते चार आठवडे, आठवड्यातले पाचेक दिवस. त्या काळात माझी कुठलीच बाही त्या हातात जात नव्हती. नवऱ्याचे शर्ट घातले. फोन माझं बोट ओळखेना. खाज सुटायची ती फोमच्या खाली, जिथे पोचताच येत नाही. आणि धुतलेली बँडेजं रोज वाळवून गुंडाळायची, मीटरच्या मीटर, नीट घट्ट गुंडाळली नाहीत तर बांधताना हातातून सुटून जमिनीवर लोळत जातात आणि मग परत पहिल्यापासून. हे काम नवऱ्याने घेतलं, टीव्ही बघत बघत गुंडाळायचा, नंतर नंतर माझ्यापेक्षा चांगलं बांधायलाही लागला. खरं सांगायचं तर एका हाताने स्वतःचा दुसरा हात बांधणं शिकता येतं पण सुरुवातीला कोणीतरी लागतं, तर थेरपिस्टकडे पहिल्या आठवड्यातच घरच्या एका माणसाला घेऊन जा आणि त्याला बांधायला लावा, त्यांच्या समोर.

ड्रेनेज चालू असताना गप्पा व्हायच्या तेव्हा मॅडमनी सांगितलं की ही पद्धत एमिल आणि एस्ट्रिड व्होडर ह्या डॅनिश नवरा-बायकोची, 1930 च्या दशकात ते फ्रान्समध्ये काम करायचे, सतत सर्दी असलेल्या लोकांच्या मानेतल्या सुजलेल्या गाठी बघून त्यांनी हे हलक्या हाताचं तंत्र बसवलं आणि 1936 साली पॅरिसमध्ये लोकांसमोर मांडलं. तेव्हाचे डॉक्टर म्हणे गाठींना हात लावायला तयार नसायचे. कॅन्सरच्या हाताशी ह्याचा संबंध नंतर आला, जर्मनीत फोल्डी नावाच्या डॉक्टरांनी ड्रेनेज, बँडेज, व्यायाम आणि कातडीची काळजी असं चारही एकत्र करून उपचार उभा केला, तोच आज आपल्याला देतात. मला त्यातला "एकत्र" हा भाग महत्त्वाचा वाटला. कारण मग मी सरळ विचारलं, नुसतं ड्रेनेज केलं आणि बँडेज नाही केलं तर? मॅडम म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळं परत भरेल. कोक्रेन म्हणजे वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिचा 2015 चा आढावा आहे त्यातही असंच काहीसं आहे, सूज उतरवण्याचं मोठं काम बँडेजच्या दाबाने होतं, ड्रेनेजने त्यात थोडी भर पडते आणि ती जास्त करून सौम्य ते मध्यम सूज असलेल्यांना, आणि ते सुरक्षित आहे. हे ऐकून मला राग नाही आला, उलट बरं वाटलं की समोरचा माणूस स्वतःच्या कामाबद्दल वाढवून सांगत नाहीये. आणि माझ्यापुरतं म्हणाल तर छातीच्या बाजूला आणि काखेच्या मागे जी सूज होती तिथे बँडेज बांधताच येत नव्हतं, तिथे जो फरक पडला तो हातानेच पडला.

दर आठवड्याला टेप. पहिल्या आठवड्यात भराभर उतरलं, नंतर हळूहळू, मग एका आकड्यावर अडकलं, कोपराखाली एक सेंटिमीटरच्या आसपास फरक राहिला तो राहिलाच. तिथे इंटेन्सिव्ह थांबवून स्लीव्हचं, म्हणजे हातावर दाब देणाऱ्या घट्ट बाहीचं, माप घेतलं. स्लीव्ह नेहमी सूज उतरल्यावर घ्यायची, आधी घेतली तर हात उतरल्यावर ती सैल. आणि पंजा सुजत असेल तर ग्लोव्हपण लागतो, नाहीतर हातातलं पाणी स्लीव्हच्या खाली पंजात जमतं, माझं तसंच होणार होतं म्हणून दोन्ही घेतलं. सकाळी उठल्या उठल्या घालायची, रात्री काढायची, मलम रात्री लावायचं म्हणजे स्लीव्ह खराब होत नाही. रोज धुवायची म्हणून दोन लागतात आणि साधारण सहा महिन्यांनी इलास्टिक जातं तेव्हा बदलायची.

घरी मी स्वतःचं ड्रेनेज करते, पंधरा-वीस मिनिटं, तोच क्रम, गळा, श्वास, उजवी काख, डावी जांघ, छाती, मग हात. पाठ स्वतःची करता येत नाही, ती नवरा करतो किंवा राहून जाते. मध्ये पंपचं पण बघितलं, तो हवेचा बाही असलेला पंप, काही जणी घेतात. मला सांगितलं गेलं की जोडीला चालेल पण आधी गळा आणि छाती हाताने मोकळी करायची आणि नंतर स्लीव्ह घालायचीच, मग म्हटलं सगळं करायचंच आहे तर ते मशीन कशाला. हे माझं मत, ज्यांना हाताने जमत नाही त्यांचं वेगळं.

व्यायामाबद्दल इतक्या भीती घातलेल्या होत्या की मी भरलेली बादलीसुद्धा उचलत नव्हते. पण 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात लिम्फेडेमा असलेल्या बायकांना स्लीव्ह घालून, देखरेखीखाली, अगदी कमी वजनापासून हळूहळू वाढवत वेट्स करायला लावले होते, त्यांची सूज वाढली नाही आणि अचानक बळावण्याचं प्रमाण उलट कमी झालं. मी अर्ध्या किलोपासून सुरू केलं. खांद्यातली ताकद आली तशी काखेतली ती तंगलेली तारही सुटत गेली, ती वेगळीच गोष्ट, हात वर केला की काखेपासून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखं दिसायचं, त्याला कॉर्डिंग म्हणतात आणि तीसुद्धा स्ट्रेचिंगने जाते. बीपी आणि सुई मी त्या हातावर अजून घेऊ देत नाही, त्याने सूज वाढते असा पक्का पुरावा फारसा नाही असं डॉक्टर म्हणतात, पण दुसरा हात आहे तर तो देते. इमर्जन्सीत मात्र वाद घालायचा नाही.

एकदा हातावर छोटा ओरखडा होता आणि रात्रीत आजूबाजूला लाल, गरम, दुखरं, अंगात कणकण. ह्याला सेल्युलायटिस म्हणतात, कातडीचं इन्फेक्शन. अशा वेळी ड्रेनेज बंद, घट्ट बँडेजपण डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि त्याच दिवशी डॉक्टर, उद्या बघू नाही. अँटिबायोटिकने उतरलं, पण हात आठवडाभर मागे गेला.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती आणि ज्याचा राग अजून थोडा आहे: ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांची मापं घेऊन ठेवायला लावा. दोन हात मुळात सारखे नसतातच, ज्या हाताने आपण काम करतो तो बहुतेक वेळा जरा जाड असतो, त्यामुळे माझा जो एक सेंटिमीटर उरलाय त्यातला किती सुजेचा आणि किती आधीपासूनचा हे आता कोणालाच सांगता येत नाही. मी तर उजव्या हाताने काम करणारी आहे, म्हणजे डावा हात आधी बारीकच असणार, मॅडमच्या हिशोबाने खरी सूज त्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच धरायची. त्यामुळे स्लीव्ह चालू आहे आणि दर तीन महिन्यांनी टेपही.